चार नंबरचा लूम

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर घडलंय. ज्यांच्याबाबत घडलं ते माझे वडील आहेत, आणि त्यांना विचारूनच मी लिहायला बसलोय. ते एवढंच म्हणाले, "लिही. पण गिरधरले वाईट म्हणू नको."

मी त्याला वाईट म्हणणार नाही.

तारीख सांगतो. चौदा मार्च दोन हजार, मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जागा बुऱ्हाणपूर, इतवारा मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीतला सहा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना.

रात्र नव्हती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग या विषयात दोनदा नापास झालो होतो. आम्ही त्याला डीएसपी म्हणायचो. तिसऱ्यांदाही विषय गेला असता तर वर्ष वाया, आणि घरात आणखी एक वर्ष मला शिकवण्याची ताकद उरली नव्हती.

अण्णा, म्हणजे माझे वडील निंबा पाटील, त्याच कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे लूमची दुरुस्ती करणारा. दुसरा जॉबर भिवंडीला निघून गेला, तेव्हापासून दोन्ही पाळ्या अण्णाच बघायचे. घरी यायचे ते भिंतीला टेकून बसायचे. ताट समोर आलं तरी थोडा वेळ नुसते त्याच्याकडे बघत राहायचे.

प्रोजेक्टची कल्पना मला त्यांच्यावरूनच सुचली. लूम बिघडायच्या आधी अण्णांना आवाजावरून कळायचं. बाहेर चहा पिता पिता म्हणायचे, "दोन नंबरचा धोटा अडकणार आता." आणि तो अडकायचा. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. दोन्ही टोकांना लोखंडी टोच्या.

मला वाटलं, जे अण्णांच्या कानाला कळतं ते कॉम्प्युटरला का कळू नये?

प्रोजेक्टमध्ये माझ्यासोबत सुलभा होती. वर्गात डीएसपी खऱ्या अर्थाने समजलेली ती एकटीच. तिच्या मामाचा छोटा टेप रेकॉर्डर होता, सेलवर चालणारा. मी कारखान्यात आवाज टेप करायचा. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सुलभाने तो तपासायचा.

कारखान्यात सहा लूम होते, पण चालायचे पाचच.

चार नंबरचा बंद होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी त्याच्यावर गिरधर नावाचा कारागीर काम करत होता. धोटा उडाला आणि त्याच्या कानशिलावर बसला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्याचा जीव गेला. तेव्हापासून लूमचा पट्टा काढून भिंतीला टांगलेला होता. मोटर दुसरीकडे लावली होती. वर पोती टाकली होती. कुणी तिकडे बघायचं नाही.

पहिली टेप मी फेब्रुवारीत केली.

दोन दिवसांनी सुलभाने मला लॅबमध्ये बोलावलं. स्क्रीनवर आलेख होता. प्रत्येक लूमची चाल थोडी वेगळी असते. कुणी मिनिटाला एकशे अठरा ठोके मारतो, कुणी एकशे एकोणचाळीस. म्हणून आलेखावर प्रत्येक लूमचा वेगळा शेंडा दिसतो.

"किती लूम चालू होते?" तिने विचारलं.

"पाच."

"मग मोज."

मी मोजले.

शेंडे... सहा होते.

सहावा एकशे सव्वीसवर होता.

आम्ही महाजन सरांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर तपासायच्या पेपरांचा ढीग होता. त्यांनी चष्मा न काढताच बघितलं.

"एलियासिंग आहे," ते म्हणाले. "सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना? चाक उलटं फिरत नसतं. कॅमेरा कमी वेळा बघतो म्हणून तसं दिसतं. तुम्हीपण आवाज कमी वेळा मोजलाय. म्हणून जे नाही ते दिसतंय. आधी फिल्टर लावा, मग सॅम्पलिंग वाढवा."

बरोबर होतं ते. परीक्षेत हाच प्रश्न मी दोनदा चुकवला होता.

आम्ही फिल्टर लावला. सॅम्पलिंग दुप्पट केलं. मग चौपट.

पाच शेंडे जागचे हलले नाहीत.

सहावाही हलला नाही.

सुलभाने कॅसेट काढून उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "अरे, मामाच्या कॅसेटवर पहले का कुछ होगा. पुसलं गेलं नसेल नीट. नवी कॅसेट घे."

नवी कॅसेट घेतली. चौदा मार्चला दुपारी कारखान्यात गेलो. पाचही लूम चालू होते. मी रेकॉर्डर खिडकीत ठेवला, बटण दाबलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

त्या वर्षी रोजच जायची. पूर्ण गल्लीची जायची. एकेक लूम धापा टाकत थांबला. कारागीर बाहेर चहाला गेले. अण्णा तिथेच सुताच्या गठ्ठ्यावर आडवे झाले आणि लगेच त्यांचा डोळा लागला.

मी एकटा जागा होतो.

इतकी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. शेजारच्या कारखान्यांचा आवाज नाही. पंख्याचा नाही. हवेत फक्त कापसाचा भुरा तरंगत होता.

रेकॉर्डर सेलवर होता, तो चालूच राहिला. मी बंद केला नाही. उठायचाही कंटाळा आला होता, हे खरं कारण.

वीस मिनिटं मी तिथे बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही.

फक्त एक गोष्ट पाहिली...

हवेतला भुरा सगळीकडे सावकाश खाली बसत होता. चार नंबरच्या लूमवर मात्र तो बसत नव्हता. हादरे बसावेत तसा थोडा खाली येऊन परत उडत होता.

मला वाटलं, खिडकीतून वारा येत असेल.

दुसऱ्या दिवशी सुलभाने ती टेप लावली. सुरुवातीला पाच लूमचा गोंगाट. मग ते एकेक करून थांबले. मग शांतता.

आणि त्या शांततेत...

खट-खट. खट-खट. खट-खट.

एकच लूम. स्पष्ट. रेकॉर्डरच्या अगदी जवळ असावा तसा.

सुलभाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. "अरविंद, त्या वक्त तू कुठे होतास?"

"तिथेच."

"और तुझे ये सुनाई नहीं दिया?"

मी नाही म्हणून मान हलवली.

तिने यंत्रासारखं मोजून दाखवलं. मिनिटाला एकशे सव्वीस. पण चाल साफ नव्हती. दर थोड्या वेळाने एक ठोका उशिरा पडत होता. खट-खट, खट-खट, खट... खट्ट.

त्यानंतर सुलभा कारखान्याच्या टेपला कधीच हात लावायला तयार झाली नाही. उरलेलं काम मीच केलं.

संध्याकाळी मी रेकॉर्डर घरी आणला. अण्णा पाळी करून नुकतेच आले होते. मी काही न सांगता त्यांच्या कानाला हेडफोन लावला.

ते डोळे मिटून ऐकत होते. थकलेला माणूस गाणं ऐकतो तसे.

मग त्यांचे डोळे उघडले.

"हा चारचा आहे," ते म्हणाले. "कुठून आणला तू हा आवाज? गिरधर होता तवाचा आहे का?"

"कालचा आहे, अण्णा."

मग त्यांनी पुन्हा हेडफोन कानाला दाबला. तो उशिरा पडणारा ठोका आला की त्यांची पापणी हलायची.

"उजवीकडची वादी ढिली आहे," ते हळू म्हणाले.

वादी म्हणजे धोट्याला ठोकर मारणाऱ्या दांड्याची चामडी पट्टी. ती ढिली झाली की धोटा वाकडा सुटतो. आणि एखाद्या वेळी उडतो.

"त्याने मले दोनदा सांगितलं होतं. निंबादादा, वादी बघून द्या. त्याने सांगायच्या आधीच मले आवाजावरून कळलं होतं. पण मी तेव्हा सलग तिसरी पाळी करत होतो, अरविंद. उभ्या उभ्या डोळे मिटत होते. मी म्हटलं, उद्या बघतो."

आई दारात उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

"कुणाले सांगितलं नाही मी," अण्णा म्हणाले. "सगळे म्हणाले नशीब, मीपण म्हटलं नशीब."

त्या रविवारी ते मला सायकलवर घेऊन तापीपलीकडे जैनाबादला गेले. गिरधरचं घर तिथे होतं. त्याची बायको रंभाबाई ओट्यावर कापसाच्या वाती वळत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं.

अण्णांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

रंभाबाईचा हात थांबला नाही. ती वाती वळत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी जाताना म्हणाले, आज निंबादादा बांधून देतील."

अण्णा खाली बघत होते.

"तुमाले तरी जेवण टायमावर भेटत होतं का तवा?" ती म्हणाली. "आता सांगून काय व्हतं, दादा."

आम्ही उठलो. ती दारापर्यंत आली आणि तिथे थांबली.

"एक विचारू का? तुमच्या कारखान्यात सकाळची पाळी अजून सातलेच लागते ना?"

"हो."

"तरीच..." ती म्हणाली. "रोज साडेसहाले या दाराची कडी वाजते. आतून उघडल्यासारखी. मी बघते तर कोणी नसतं."

थोडं थांबून म्हणाली, "जाताना वाजते, दादा. येताना कधी वाजत नाही."

परत येताना पुलावर अण्णा सायकलवरून उतरले आणि घरापर्यंत चालत आले. मी मागून सायकल ढकलत होतो.

मंगळवारी लाइट गेल्यावर अण्णांनी चार नंबरवरची पोती काढली. कारागीर दारात जमले. शेठने विचारलं, "निंबा, बंद लूमचं काय करतो?"

"काम राहिलं होतं," अण्णा म्हणाले.

त्यांनी जुनी वादी कापली. नवी बांधली. हाताने दांडा पुढे-मागे करून पाहिला. पुन्हा सोडून पुन्हा घट्ट केली. पंधरा मिनिटांचं काम होतं. त्यांनी दोन तास लावले.

शेवटी लूमवर हात ठेवून ते म्हणाले, "झालं रे, गिरधर."

काम झाल्यावर मी पुन्हा टेप केली. लाइट आल्यावरची आणि परत गेल्यावरचीही.

आलेखावर पाच शेंडे आले.

लाइट गेल्यानंतरच्या टेपमध्ये काहीच नव्हतं. फक्त अण्णांचं घोरणं.

मी पोटभर जेवलो त्या दिवशी. बऱ्याच दिवसांनी.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एलियासिंगवरच प्रश्न विचारला. जे नाही ते कधी दिसतं? मी उत्तर दिलं. बरोबर दिलं. डीएसपीतही पास झालो. सहाव्या शेंड्याच्या त्या टेपा आम्ही अहवालात घेतल्या नाहीत. महाजन सरांनी विचारलंही नाही.

सुलभा पुढे पुण्याला गेली. मी इंदूरला नोकरीला लागलो. रंभाबाईच्या दाराची कडी त्या मंगळवारनंतर वाजायची बंद झाली, असं तिने अण्णांना कळवलं होतं. म्हणजे सगळं नीट झालं, असंच आम्ही धरलं.

पण एक राहिलं.

त्याच उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी आम्ही जेवत होतो. अण्णांचा घास हातातच थांबला. त्यांनी मान तिरकी केली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"तुमाले ऐकू येतं का?"

"काय?"

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग घास तोंडात घातला. "काही नाही."

नंतर ते असं अधूनमधून करू लागले. पुढे रोज. आम्ही कानाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर लूममध्ये काम केलंय, कानात आवाज राहतो. असे खूप पेशंट येतात.

तेही बरोबर असेल.

अण्णा आता सत्तरी पार करून गेलेत. काम सोडून पंधरा वर्षं झाली. कारखान्याच्या जागी मोबाइलची दुकानं आलीत. सहाही लूम भंगारात गेले, चार नंबरचा सगळ्यात आधी.

सध्या ते माझ्याकडे इंदूरला असतात. दुपारी गॅलरीत खुर्चीवर झोपतात. झोपेत त्यांच्या उजव्या पायाची टाच फरशीवर पडत राहते. एका चालीत. न थांबता. जागे झाल्यावर ते पाळी करून आल्यासारखे दमलेले असतात. भिंतीला टेकून बसतात आणि पाणी मागतात.

मागच्या आठवड्यात मी विचारलं, "अण्णा, झोपेत कुठे जाता?"



"त्याले सुट्टी दिली ना आपण," ते म्हणाले. "मग कुणीतरी लागतंच की."



त्या टाचेची चाल मोजायला एक मिनिट लागतं. आता तर फोनवरही होतं. फोन जवळ ठेवायचा आणि बटण दाबायचं. यंत्रांचे आवाज तपासणं हे माझं रोजचं काम आहे, याचाच पगार घेतो मी.

कधीकधी मधेच एक ठोका उशिरा पडतो, असं मला वाटतं.

मी मोजलेलं नाही.