डावीकडची फांदी

विनीताला कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की ती आधी चष्मा पुसायला घ्यायची. तो पुसून होईपर्यंत सांगणारा निम्मा गार झालेला असायचा. उत्तर कोलकात्यातल्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवत होती. आजोबा टपाल खात्यातल्या बदलीनं इथे आले आणि बागबाजारला राहिले ते राहिलेच. त्यामुळे भांडायचं बंगालीत आणि लाड करायचे मराठीत, अशी घरची रीत.

नवरा अनीश नाशिकचा. सरकारी कंपनीतल्या नोकरीत बदली होऊन इथे आला तेव्हा या शहराला पुरता वैतागलेला होता. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि विनीतानं त्याला हाताशी धरून कोलकाता शिकवायला घेतलं. मग बंगाली शिकवलं, माशातले काटे काढायला शिकवलं, आणि लग्नानंतर डोंगरात सायकल चालवायला शिकवलं. डमडमच्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाड टायरांच्या दोन सायकली बैठकीच्या भिंतीला टेकलेल्या असत. पाहुण्यांनी कुठं बसायचं ते पाहुण्यांनी बघावं. मित्रमंडळी अनीशला विनीताचं शेपूट म्हणायची. तोही हसायचा.

आता कोलकात्यात डोंगर कुठून आणायचा? हावड्याहून रात्रीची गाडी धरायची, सायकली सामानाच्या डब्यात चढवायच्या आणि पुरुलियाच्या अयोध्या पहाडावर जायचं. सालवृक्षांचं दाट रान, लाल मुरूम, मधेच पावलाएवढ्या रुंदीची पायवाट. मुरमावर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला तर माणूस सायकलच्या आधी खाली पोचतो. फोनला रेंज नाही. म्हणून विनीतानं एक नियम घालून दिला होता: वाटेला फाटा फुटला की पुढच्यानं चुकीच्या वाटेवर पानासकट एक फांदी आडवी टाकायची आणि मोकळ्या वाटेनं पुढं जाऊन थांबायचं. मागून येणाऱ्यानं डोळे झाकून मोकळी वाट धरायची.

पुढे अर्थात नेहमी तीच असायची. पण जानेवारीतल्या त्या सकाळी अनीश म्हणाला, “आज मी पुढे जातो.” तिला कोण आनंद झाला. चेला तयार झाला, असं तिनं त्याला चिडवलंसुद्धा.

फाट्यावर ती पोचली तेव्हा उजवीकडच्या वाटेवर सालाची फांदी आडवी पडलेली होती. ताजी, तोडलेल्या टोकाला चीक होता. ती डावीकडे वळली. उतार गुळगुळीत होता. मागे रेलून, गुडघे सैल सोडून ती सुसाट निघाली. वाळक्या पानांचा चुरा टायरखाली करकरत होता. मग झाडं एकाएकी संपली आणि समोर नुसतं आभाळ आलं.

ती दगडाची जुनी, सोडून दिलेली खाण होती. विनीतानं अंग बाजूला टाकलं म्हणून वाचली. सायकल गेली खाली. पाण्यात पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तो तिला अजून झोपेत आठवायचा.

कॉलरबोन मोडलं होतं. अनीश बऱ्याच वेळानं आला. पांढराफटक पडला होता.

“मी डावीकडे ठेवली होती, विनू. शपथ.”

परत फाट्यावर आले तर फांदी उजवीकडेच. अनीश तिच्याकडे नुसता बघत राहिला. गुराखी पोरांनी हलवली असेल, असं विनीताच म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं. हा चुकला होता आणि कबूल करायला घाबरत होता. चुकलो म्हणाला असता तर तिनं तिथल्या तिथे विषय सोडून दिला असता. पण तो इस्पितळातही तेच म्हणाला, गाडीतही तेच, आणि तोंडावर खोटं बोलणाऱ्या माणसाशेजारी रोज झोपायचं कसं, हे तिला सुचेना.

बाकी त्यानं काही कमी केलं नाही. रजा काढली, तिला भरवलं, तिची वेणी घालायला शिकला. “असा जावई मिळायला नशीब लागतं,” आई सारखी म्हणायची. विनीता हो म्हणायची.

पट्टा गळ्यात असतानाच एके दुपारी ती व्यायामाचे उपचार घेऊन बागबाजारला आईकडे निघाली होती. लहानपणापासूनच्या सवयीनं मधल्या बोळाकडे वळली, तर बोळाच्या तोंडाशी सालाची फांदी आडवी. आजूबाजूला कुठे सालाचं झाड नव्हतं. पत्रावळींसाठी सालाची पानं बाजारात येतात, त्यांच्या गाठोड्यातून पडली असेल. तिनं मनाशी हे नीट लावून घेतलं आणि मोडक्या खांद्यानं ओलांडायला नको म्हणून लांबून गेली. आईकडे चहा पीत असताना धडाम आवाज झाला. बोळातल्या एका जुन्या घराचा सज्जा खाली आला होता.

योगायोग असतात. वर्गात ती मुलांना हेच शिकवायची.

पुढच्या आठवड्यात डमडम स्टेशनबाहेरच्या पदपथावर पुन्हा फांदी होती. लोक तिच्यावरून पाय टाकून चालले होते, कुणी खाली बघतही नव्हतं. विनीता रस्ता ओलांडून पलीकडे गेली. संध्याकाळी कळलं, तिथल्या चहाच्या टपरीतला सिलिंडर फुटला.

रस्ता ओलांडण्याआधी तिनं ती फांदी उचलून बघितली होती. पानं ओली होती आणि हाताला लाल मुरूम लागला होता. चष्मा पुसायला ती विसरली.

त्या रात्री अनीश तिचे केस विंचरत असताना तिनं सगळं सांगितलं. वेडी झालीस का, असं काहीतरी तो म्हणेल आणि आपल्याला बरं वाटेल, अशी तिची अपेक्षा होती. पण कंगवा मधेच थांबला.

“आणि दर वेळी खरं ठरलं?” त्यानं विचारलं.

“दर वेळी.”

 तो पुन्हा विंचरायला लागला, अगदी हलक्या हातानं.

“कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“नकोच सांगू,” तो म्हणाला.

शुक्रवारी कॉलेजातून ती लवकर सुटली. अंधार पडता पडता घरी आली. लिफ्टनं वर आली, जाळीचं दार सरकवलं आणि थांबली.

फांदी त्यांच्याच दारासमोर होती. उंबऱ्याला लागून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

दार अर्धवट उघडं होतं. आत काळोख.

“विनू? आलीस?” अनीशचा आवाज स्वयंपाकघरातून आला. “लाइट गेलीये. सरळ आत ये.”

जिन्यातला दिवा जळत होता. शेजारच्या घरात मालिका चालू होती. लिफ्ट तर तिला आत्ताच वर घेऊन आली होती.

विनीता जागची हलली नाही. तिचं डोकं मात्र सवयीनं चालू लागलं. आजवर एकाही फांदीनं तिला चुकीचं सांगितलं नव्हतं. बोळ खरा ठरला. टपरी खरी ठरली. मग पहाडावरची पहिली फांदी तेवढी खोटी कशी?

“अनीश,” ती बाहेरूनच म्हणाली, “त्या दिवशी फांदी कुठे ठेवली होतीस?”

“आता हे काय मधेच?”

“सांग.”

“डावीकडे. किती वेळा सांगू? डावीकडेच ठेवली होती.”

जानेवारीपासून पहिल्यांदाच तिचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. तो खरंच बोलत होता. नियमाप्रमाणे त्यानं खाणीची वाट बंद केली होती. त्याला ती उजवीकडे यायला हवी होती. फांदी हलवणाऱ्याला मात्र उजवीकडच्या वाटेपेक्षा खाण बरी वाटली होती.

“मग उजवीकडे काय होतं?”

 शेजारच्या मालिकेत कुणीतरी रडत होतं.

“तार,” अनीश म्हणाला. “बारीकशी. दोन झाडांना.”

विनीतानं भिंतीला हात टेकला.

“वळणानंतर लगेच होती,” तो म्हणाला. आवाज वेणी घालतानाचा, तितकाच मऊ. “तुला कळलंसुद्धा नसतं, विनू.”

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला आधी रडूच आलं. महिनाभर या माणसाच्या हातून ती जेवली होती.

काळोखात बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा, तिच्यासाठी.