राणीबोडीतलं टेकाड

आम्ही राणीबोडीला गेलो ते गवत आणायला! गावात हे ऐकून माणसं हसली होती, म्हणून आधीच सांगून टाकते. साधं गवत नव्हे, पाण्याखाली वाढणारं. चिऊल, गाद अशी त्याची नावं. त्याच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्लं त्यातच लपून मोठी होतात. आमच्या गावच्या तलावातलं हे गवत चार वर्षांपूर्वी मेलं. त्यामागोमाग मासे गेले, आणि माशांमागोमाग आमचे नवरे मिरची तोडायला तेलंगणात गेले. आम्ही ढिवर. तलावात मासा नसला की आमच्या घरात कोणी राहत नाही.

दुसऱ्या तलावातलं गवत मुळासकट आणून पावसाच्या आत लावलं तर ते जगतं, असं साधनाबाई कुठल्याशा बैठकीत ऐकून आली. साधनाबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, धनराजभाऊची बायको. एकदा तिच्या डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. कुरखेड्याच्या आत, जंगलात सात-आठ किलोमीटर चालल्यावर राणीबोडी लागते, तिथं हे गवत माजलंय, हे तिनं शोधून काढलं. वनसमितीचा परवानगीचा कागद तिनंच मिळवला. आणि मला न विचारता माझं नावही त्यावर घातलं.

मे संपत आला होता. रस्ता संपतो तिथं आमच्या गावच्या निकेशला टेम्पोसकट थांबवलं आणि मुखरूभाऊच्या मागे आम्ही दोघी जंगलात शिरलो. मुखरूभाऊ साठीचा, शेवटच्या गावातला माणूस, खांद्यावर कायम कुऱ्हाड. राणीबोडीवर त्याचा स्वतःचा डोंगा होता, एका खोडातून कोरलेला.

"भाऊ, मगर हाये म्हणतेत तेथी?" मी विचारलं.

"हाये एक. पंधरा साल झाले पाहून राह्यलो. हिवाळ्यात उन्हात पडून रायते. माणूस दिसला का तीच पाण्यात पळते. तुले काई नाई करत."

मला हायसं वाटलं. पण मुखरूभाऊनं ती पाहिली होती हिवाळ्यात. मे महिन्यात आमच्याकडचं झाडून सगळं माणूस तेंदूपत्ता तोडायला जातं. उन्हाळ्यात राणीबोडीवर काय चालतं हे कुणाला माहीत असणार? मलाही ते विचारायचं सुचलं नाही.

दहाच्या सुमारास झाडी संपली आणि समोर पाणी! नावाला बोडी, म्हणजे छोटं तळं, पण चांगला मोठा तलाव होता तो. उन्हाळ्यानं काठ उघडे पडले होते, खोडांचे बुंधे पाण्याबाहेर आले होते, आणि मधोमध मातीचं एक टेकाड होतं, आपल्या घराच्या अंगणाएवढं. टेकाडाच्या अलीकडे कमरेएवढं पाणी आणि त्यात हिरवंगार, दाट चिऊल डुलत होतं. साधनाबाई काठावर उभी राहून नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मधलं पाणी खोल, म्हणून मुखरूभाऊनं आम्हाला डोंग्यातून तिथं सोडलं. आमच्याजवळ विळा नव्हता, कारण गवत कापायचंच नव्हतं. पायाच्या बोटांनी चिखलात मूळ चाचपायचं, अलगद सोडवायचं आणि चिखलासकट वर घ्यायचं. हात मोकळे राहावेत म्हणून जुडा दोरीनं कमरेला बांधायचा. तो मागे पाण्यावर तरंगत येतो. शिंगाडे काढतानाही आम्ही टोपली अशीच बांधतो.

"सुटंल अशी गाठ मार वं," साधनाबाई म्हणाली.

"सुटंल अशी गाठ मले येतच नाई बाई!" मी हसून म्हणाले, आणि तिच्या कमरेला जाळ्याची गाठ मारली. लहानपणापासून माझे हात हीच गाठ मारतात. ओली झाली की ती आवळते आणि जन्मात सुटत नाही. मग माझ्याही कमरेला तीच मारली.

दोन तास आम्ही बडबडत काम केलं. भरलेले चार जुडे मुखरूभाऊनं डोंग्यात घेतले. पाचवा साधनाबाईच्या मागे तरंगत होता, सहावा माझ्या.

आणि साधनाबाईचा जुडा बुडाला.

आवाज नाही, खळबळ नाही. नुसता खाली गेला. तिला वाटलं, बुंध्यात अडकला. तिनं दोरी ओढली. दोरीनं तिला ओढलं!

"मंजुषा!" एवढंच ती ओरडली. मागच्या मागे पडली. तिचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. मी झेप घेतली, तिचा हात धरला. पलीकडून कुणीतरी असा हिसका दिला की माझा खांदा निखळल्यासारखा झाला. मी एका हातानं तिच्या कमरेची गाठ ओरबाडू लागले. नखं तुटली. गाठ दगड झाली होती!

"भाऊ! कुऱ्हाड! कुऱ्हाड आणा!"

मुखरूभाऊनं बांबू रेटत डोंगा आणला. एक घाव पाण्यावर बसला. दुसरा दोरीवर! दोरी तुटली आणि त्याच क्षणी पाणी फुटून मगर वर आली. खरबरीत पाठ, लांब जबडा, आणि चिऊलनं भरलेलं तोंड. तिच्या शेपटीचा तडाखा बसला. डोंगा कलंडला, मुखरूभाऊ पाण्यात, कुऱ्हाड तळाला. मी साधनाबाईला काखेत धरून टेकाडाकडे ओढत होते. तेवढ्यात ती किंचाळली. मगरीनं तिची पोटरी धरली होती.

मुखरूभाऊनं पाण्यातूनच बांबू उचलला आणि मगरीच्या डोळ्यात खुपसला. एकदा. दोनदा. जबडा सुटला. आम्ही तिघं कसे टेकाडावर चढलो ते मला आजही आठवत नाही.

साधनाबाईची पोटरी उघडी पडली होती. मांस दिसत होतं. रक्त मातीत जिरत होतं. डोंग्यात ठेवलेला आमचा दोघींतला एकच फोन पाण्यात गेला होता, मुखरूभाऊकडे फोन कधी नव्हताच. काठ दीडशे हात दूर होता, आणि मधल्या पाण्यावर दोन डोळे. त्यातला एक बारीक झालेला. ते आमच्याकडेच बघत होते.

मी रडायला लागले. लाज कशाची? रडले. "बाई, म्या मारली ती गाठ. तुमी सांगितलं होतं. म्या मस्करी केली. धनराजभाऊले मी काय सांगू?"

साधनाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तिनं माझ्यावर डोळे वटारले. "मंग रडून काय होते? पदर फाड. पाय बांध. अन् तीच गाठ मार, घट्ट."

मी गाठ मारली. बरोबर बसली. रक्त कमी झालं, थांबलं नाही.

एक वाजला असेल, दोन वाजले. सावली नाही. माती तव्यासारखी तापलेली. मगर पाण्यात फेऱ्या घालत होती. टेकाडाच्या उंच भागाकडे आम्ही सरकलो की ती अगदी टेकाडाशी येऊन जबडा उघडायची, फुत्कारायची. आम्ही खालच्या टोकाला आलो की मागे हटायची. मला वाटलं, खेळतेय आमच्याशी. मी तिला ढेकळं मारली, शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. मुखरूभाऊनं बांबूनं पाण्याची खोली बघितली. साधनाबाईला ग्लानी येऊ लागली. "तहान लागली," ती म्हणाली. मी तळहातानं तलावाचं गढूळ पाणी तिच्या ओठांना लावलं. तिची बोटं गार पडली होती. एवढ्या उन्हात गार! ती इथंच मरणार, माझ्या मांडीवर, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला.

"उंक्... उंक्..."

मी दचकून मुखरूभाऊकडे पाहिलं. तो जमिनीला कान लावून पडला. टेकाडाच्या उंच भागातून, मातीच्या आतून येत होता आवाज. एक नाही, बरेच. "उंक्, उंक्, उंक्."

मुखरूभाऊ सावकाश उठून बसला. "पोरी," तो म्हणाला, "आपण तिच्या घरावर बसून राह्यलो. इथी अंडे हायेत तिचे. पिल्लं निंगाले आले. आवाज देऊन राह्यले मायले."

"मंग?"

"मंग तिले आपण नाई पायजे. तिले हे टेकाड पायजे. ते पिल्लं स्वतः माती नाई उकरू शकत. ती उकरते. आपण हटलो का ती वर येते. ती वर असली का..."

"पाणी रिकामं," मी म्हणाले.

"रिकामं असंल," तो म्हणाला. "दुसरी नसंल तर."

म्हणजे ज्या पाण्यातून जीव घेऊन पळालो त्याच पाण्यात पुन्हा उतरायचं! मी साधनाबाईच्या पायाकडे बघितलं. मुखरूभाऊचा बुडालेला डोंगा पाण्याखाली हातभर गेला होता, पण लाकूडच ते, तळाला जात नव्हतं. टेकाडाच्या खालच्या टोकाशी येऊन लागला होता. मुखरूभाऊनं बांबूनं तो जवळ ओढला. त्यातले चार जुडे अजून फटीत अडकलेले होते. त्यानं ते काढून टेकाडावर फेकले. डोंगा हलका झाला, थोडा वर आला.

आणि माझ्या कमरेला सहावा जुडा अजून तसाच होता. तो घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे मगरीला निमंत्रणच. गाठ सुटत नव्हती, कापायला काही नव्हतं. दोरी दातांनी चावली, हिरड्यांतून रक्त आलं. मग मी जुड्यालाच हात घातला. मुठीमुठीनं चिऊल उपसून मातीत फेकू लागले. साधनाबाईनं डोळे उघडले. चार वर्षं जे शोधत होती ते ती बघत होती. मी थांबले.

"फेक," ती म्हणाली. "सारं फेक."

मी फेकलं. रिकामी दोरी कमरेला गुंडाळली. मग आम्ही तिघं टेकाडाच्या अगदी खालच्या टोकाला, पाण्यात पाय बुडतील असे बसलो आणि हललो नाही. वरचा भाग तिच्यासाठी मोकळा सोडला.

"उंक्, उंक्..."

मगर पलीकडून वर आली! दहा-बारा हात लांब असेल. उन्हात तिची पाठ चमकत होती. चार पावलं चालली, थांबली, आमच्याकडे तोंड करून जबडा उघडला. तिनं जबडा मिटला आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागली.

"चाल," मुखरूभाऊ पुटपुटला.

साधनाबाईला डोंग्यावर पालथं घातलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो, आणि पाय मारायला सुरुवात! जोरात नाही. पाणी उडू द्यायचं नाही. वीस हात. चाळीस. पायाला काहीतरी गुळगुळीत घासलं. मी पाय आखडला. चिऊल होतं. साठ हात. मी मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

मगरीनं उकरणं थांबवलं होतं. मान वळवून ती आमच्याकडे बघत होती. मग तिनं एक पाऊल पाण्याच्या दिशेनं टाकलं.

"हलू नको," मुखरूभाऊ म्हणाला.

आम्ही डोंग्याला लटकून राहिलो. साधनाबाईच्या पायातलं रक्त पाण्यात पसरत होतं, माझ्या डोळ्यांसमोर. मगरीनं दुसरं पाऊल टाकलं. मी साधनाबाईचा हात धरला. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही.

"उंक्!"

टेकाडावरून एकच बारीक हाक आली. मगर थबकली. वळली. परत मातीकडे गेली.

"आता मार पाय!" मुखरूभाऊ ओरडला. आणि आम्ही मारले! छाती फुटेस्तोवर! पायाला चिखल लागला, मग मुळं, मग कोरडी माती. साधनाबाईला खांद्याखाली धरून आम्ही झाडापर्यंत फरफटत नेलं आणि तिघंही कोसळलो.

तिथून टेकाड दिसत होतं. मगरीनं जबडा मातीत घातला, बाहेर काढला. दातांच्या मधे काहीतरी वळवळत होतं. ती पाण्याशी गेली, जबडा उघडला, पिल्लू सोडलं. परत गेली. दुसरं आणलं. ज्या दातांनी साधनाबाईची पोटरी फाडली तेच दात! मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, रडू आलं.

"जुडे तिथीच पडले," मुखरूभाऊ म्हणाला. "ती पाण्यात गेली का मी आणून देतो. डोंगा हाये."

साधनाबाईनं मान हलवली. "नोको भाऊ. तिच्या अंगणात नोका जाऊ."

माझ्या लुगड्याची झोळी केली, बांबूला बांधली, आणि नुसत्या परकर-पोलक्यावर मी पुढे, मुखरूभाऊ मागे, असं सात-आठ किलोमीटर साधनाबाईला वाहून नेलं. दिवस मावळायच्या आत निकेशचा टेम्पो दिसला. मला बघून त्यानं तोंड फिरवलं आणि अंगातला शर्ट काढून दिला. दवाखान्यात तिला छत्तीस टाके पडले. तिसऱ्या दिवशी धनराजभाऊ आला. मी सगळं सांगितलं, गाठीचंही. तो उठून गेला, आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला.

त्या पावसात आमचा तलाव पाण्यानं काठोकाठ भरला, आणि माशांविना तसाच राहिला. नवरे पुन्हा मिरचीला गेले. साधनाबाई थोडी लंगडते. सकाळी ती अंगणात सडा टाकताना दिसली की मी हातातलं काम टाकून क्षणभर बघत राहते. तिला ते आवडत नाही.

परवा म्हणाली, "काऊन पाहून राह्यली मायाकडं? कागद काढायचा हाये. राणीबोडीचा."

मी तोंडाला पदर लावला. "बाई, अजून हौस नाई फिटली? तेथी ती हाये ना!"

"हाये तर हाये. तिचाच तलाव हाये तो," सडा टाकता टाकता ती म्हणाली. "औंदा थंडीत जाऊ. तिचे अंडे पडाच्या आदी."