उद्यावर ठेवलेला जोड

"अहो! ते हात धुवायचं पाणी नाहीये!"

माझं वाक्य संपायच्या आत त्याने माझ्या बादलीत दोन्ही हात बुडवले होते… आणि मग 'आई गं!' करत तो वर्कशॉपभर नाचला. मामांकडे नळ्यांचे सांधे जोडायला लागलेल्या नव्या ब्रेझिंगवाल्याशी माझी ओळख झाली ती अशी. मला हसू आवरेना.

"एवढं उकळतं कशाला ठेवलंय?" तो बोटांवर फुंकर घालत म्हणाला.

"तुमच्याचसाठी. तुम्ही स्टीलच्या नळ्यांना जोड मारणार, जोड धरायला लावलेला फ्लक्सचा लेप त्यावर चिकटणार, तो मी यात सोडवणार. लाली उतरली की जोड लगेच माझ्याकडे द्यायचा. उद्यावर ठेवला की फ्लक्सची काच होते, मग घासत बसा."

"उद्यावर काहीच ठेवायचं नाही?"

"काहीच नाही."

"बघा हं… लक्षात ठेवीन," तो म्हणाला, आणि असं काही पाहिलं की बादलीची सगळी वाफ माझ्याच गालांवर आली.

मग रोज "घ्या, गरमागरम!" म्हणत तो चिमट्यात जोड धरून यायचा आणि चिमटा सोडायला उगाच वेळ लावायचा. मामांची नजर अधू झालेली, ते जोड बोटांनी चाचपून तपासत. आमचं काही त्यांना दिसत नसे. आणि मी कसली शहाणी! मनातलं रोज उद्यावर ढकलत होते.

गरम पाण्याने माझी बोटं फाटली होती. एका दुपारी जेवून आले तर नळ्यांची अख्खी रास धुऊन, घासून तयार!

"आज तुमच्या बोटांना सुट्टी," तो म्हणाला.

माझे डोळेच भरून आले. इतकी माया कुणी केली नव्हती. नळ्या लखलखत होत्या. कशाने घासल्या हे विचारायचं सुचलंही नाही. माझा स्टीलच्या तारांचा ब्रश खिळ्याला कोरडाच टांगलेला होता. त्याने घेतला होता गेटं घासायचा लोखंडी ब्रश. त्याची बारीक पूड स्टीलमध्ये रुतते आणि काही दिवसांनी गंज फुटतो.

नळ्या गिऱ्हाइकाकडून परत आल्या, अंगभर तांबूस ठिपके घेऊन.

"कुणी घासल्या?" मामांनी विचारलं.

"मी," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"तू गप्प बस," मामा मला म्हणाले. "तुला मी शिकवलंय. तुझ्या हातून हे होणं शक्य नाही."

मी एकेका नळीला आम्लाची पेस्ट लावली, घासली, धुतली. गंज गेला तर तो कामावर राहील, एवढंच डोक्यात होतं. गंज गेला. गिऱ्हाइकाने मालही घेतला. जाताना मात्र म्हणाला, "पुढचं काम हवं असेल, तर तो माणूस इथे दिसता कामा नये." आमचं मोठं गिऱ्हाईक ते एकच. मामांनी मान खाली घातली.

शेवटच्या दिवशी तो चिमट्यात जोड धरून आला, पण 'गरमागरम' म्हणाला नाही.

"भावाने लांब काम बघितलंय… येतेस माझ्याबरोबर?"

'तू' म्हणाला… पहिल्यांदाच.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. "फार आहे. पण मामांनी मला लहानाची मोठी केलीये. आता त्यांना दिसत नाही… त्यांना टाकून कशी येऊ?"

"आधी का नाही बोललीस गं? मग तुझं मन जिंकायला गुपचूप ब्रश उचलला नसता, आधी दहादा तुला विचारलं असतं."

"उद्या बोलणार होते… रोजच."

तो हसायला गेला, जमलं नाही. जोड माझ्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. मी दाराकडे बघत राहिले. आता कुणासाठी पाणी तापवायचं, तेच कळेना.

संध्याकाळी मामांची बोटं टेबलावरून फिरत त्या जोडापाशी थांबली.

"अगं, हा धुवायचा राहिला की."

बादलीत पाणी अजून वाफाळत होतं.

"उद्या धुते, मामा," मी म्हणाले.