तिथे थांबायचं नसतं

"तिला वगळा! पुढे कोण?"

आप्पांचा आवाज जेवणाच्या टेबलावर आदळला आणि वहिनीच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली... पण क्षणभरच! लगेच तिने आप्पांच्या ताटात आणखी थोडं वाढलं, ताटाची कड फडक्याने पुसली आणि ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. चेहऱ्यावर ना राग, ना रुसवा. इतकी वर्षं रोज संध्याकाळी हेच वाक्य ऐकून ऐकून दुसऱ्या कुणाचं काळीज दगड झालं असतं. वहिनीचं मात्र रोज नव्याने दुखायचं, आणि तरीही ती रोज नव्याने आप्पांच्या आवडीचं काही ना काही रांधायची. अशा माणसाला भोळं म्हणावं की थोर म्हणावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपलं मत तर केव्हाच ठरलेलं आहे!

आप्पा संस्कृतचे शिक्षक. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. घरात त्यांनी एक शिस्त घालून दिली होती. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की आप्पा एखादा जुना श्लोक म्हणायचे, त्याचा अर्थ सांगायचे आणि मग पाळीपाळीने प्रत्येकाने त्या श्लोकाला लागू पडेल अशी, त्याच दिवशी स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगायची. "श्लोक पाठ करून कुणी शहाणं होत नाही," ते म्हणायचे, "तो बाजारात, दुकानात, जिन्यात भेटला पाहिजे!" नियम एकच, गोष्ट खरी हवी. आणि गोष्ट खरीच असणार म्हणून तिच्यावर कुणी उलटतपासणी करायची नाही. या टेबलावर जे सांगितलं ते सांगितलं, त्यावर शंका काढणं म्हणजे ताटाचा अपमान.

आप्पांचा थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्यामुळे श्लोक मैत्रीवर असो, लोभावर असो की वैराग्यावर, त्याची गोष्ट फिरून फिरून लिफ्टपाशीच यायची. "आज एक माणूस चौथ्या मजल्यावर अडकला होता..." एवढं म्हटलं की सगळे आधीच हसायला लागायचे. आप्पासुद्धा मिशीत हसायचे. मग थोरल्याच्या शेजारी वहिनीची पाळी यायची, आणि आप्पांचं हसू मावळायचं. "तिला वगळा!"

वहिनीचं पडदे शिवण्याचं छोटंसं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकं यायची, घराघरातल्या खिडक्यांची मापं घेऊन आणि घराघरातली सुखदुःखं घेऊन. तिच्याकडे गोष्टींना काय तोटा! कितीतरी वेळा आप्पांचा श्लोक ऐकताना तिच्या ओठांपर्यंत गोष्ट यायची, अगदी नेमकी, चपखल... आणि ती पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळून टाकायची.

हे सगळं कशामुळे? एका कॅसेटमुळे.

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाई आजारी होत्या. दम्याने पार खिळखिळ्या झालेल्या. बाकी अंगात काही उरलं नव्हतं, पण आवाज मात्र शेवटपर्यंत मधाळ. रोज सकाळी उशीला टेकून त्या एकच श्लोक म्हणायच्या, आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत राहायची.

सर्वेषां सहते पादान् न पृच्छति न निन्दति ।
अन्तर्दीपं बहिर्मार्गं देहली वेत्ति केवलम् ॥

घराचा उंबरा सगळ्यांचे पाय सोसतो. तो कुणाला काही विचारत नाही, कुणाला दोष देत नाही. आतला दिवा आणि बाहेरची वाट, दोन्ही ठाऊक असतात ती फक्त त्याला. सासूबाई 'न पृच्छति' पाशी आल्या की थांबायच्या. चांगल्या थांबायच्या! मग हळूच, अगदी मऊ आवाजात म्हणायच्या, 'न निन्दति'. आप्पांमधला शिक्षक लगेच जागा व्हायचा. "अगं, तिथे थांबायचं नसतं!" आणि सासूबाई हसून म्हणायच्या, "मला तिथेच थांबावंसं वाटतं." दम्यामुळे की मनामुळे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आप्पांनी तो आवाज कॅसेटवर भरून ठेवला. पुढे सासूबाई गेल्या, आणि आप्पांची सकाळ त्या कॅसेटने सुरू होऊ लागली. तेवढ्या दोन ओळींवर तो माणूस दिवस काढत होता!

धाकटा तेव्हा शाळेत होता. घरात त्याला टिल्लू म्हणायचे. आई गेल्यापासून पोराने तोंड मिटलं होतं. जेवण नाही, खेळ नाही, कुणाशी बोलणं नाही. फक्त टेपरेकॉर्डर घेऊन पलंगाखाली शिरायचा आणि रेडिओवरच्या निवेदकासारखा बोलत बसायचा, "श्रोतेहो, आता ऐका..." तेवढंच काय ते त्याचं बोलणं. वहिनी दाराशी उभी राहून ऐकायची आणि पदर डोळ्यांना लावायची. निदान बोलतोय तरी!

आणि एका दुपारी पोराने चुकीची कॅसेट घातली.

आईच्या आवाजावर स्वतःचा आवाज! कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. कॅसेट छातीशी धरून वहिनीसमोर येऊन उभा राहिला. वहिनीने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून पाहिली... सासूबाई कुठेच नव्हत्या. तितक्यात आप्पांची पावलं वाजली. आत येऊन त्यांनी ऐकलं ते टेपमधली नुसती खरखर, कारण तेवढ्या वेळात वहिनीने बटण दाबून टिल्लूचा आवाजही पुसायला घेतला होता. आप्पा म्हणाले, "ज्याने कुणी हे केलं असेल, त्याचा आवाज मला या घरात ऐकायचा नाही!"

वहिनीने टिल्लूकडे पाहिलं. आधीच मुकं झालेलं पोर... त्याचा उरलासुरला आवाजही बंद झाला तर? त्या संध्याकाळी टेबलावर, तिची पाळी आल्यावर, ती म्हणाली, "आप्पा, आवराआवर करताना माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं."

टेबलावर सांगितलेली गोष्ट. खरीच असणार! कुणी काही विचारलं नाही. आप्पांनी ताट सारलं आणि ते एवढंच म्हणाले, "पुढे कोण?"

पोराचा आवाज वाचावा म्हणून त्या बाईने स्वतःचा आवाज देऊन टाकला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याचा उच्चारही केला नाही.

टिल्लूचा आवाज वाचला तो असा वाचला की आज तो रेडिओवर आहे! रोज सकाळी एक श्लोक आणि त्यावर एक रोजच्या जगण्यातली गोष्ट. आप्पांनी टेबलावर जे दिलं तेच तो जगाला वाटतो. आप्पा रेडिओला कान लावून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझा धाकटा बरं का!" पण आताशा तो कान रेडिओला अगदी चिकटवावा लागतो. एक कान केव्हाच गेला होता, दुसराही निघाला होता. डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं, "जे ऐकायचं ते आता ऐकून घ्या."

हे कळताच टिल्लू आज दुपारी घरी आला. बॅग टाकली आणि थेट स्वयंपाकघरात.

"वहिनी, आज मी सांगणार आहे."

वहिनीच्या हातातलं झाकण खाली पडलं. "काय सांगणार? गप बस! आता काय उकरून काढायचं ते?"

"रोज माइकसमोर बसून लोकांना खरं बोला म्हणून सांगतो गं... आणि माझा पहिला श्रोता कोण? तू! तुझीच पाळी मी खाऊन बसलोय."

"टिल्लू, ऐक माझं." तिने त्याचे हात धरले. "त्यांना तुझा केवढा अभिमान आहे! तुझा आवाज हे त्यांचं शेवटचं सुख. आता कान जाताना तेही काढून घेणार का तू? माझं काय रे... मला सवय झाली आहे."

"तीच सवय मला सोसवत नाही, वहिनी!" एवढं बोलून तो लहानपणी रडायचा तसा दोन्ही मुठी डोळ्यांवर धरून रडला. वहिनीने त्याला उगी केलं, पण वचन मात्र काही मिळालं नाही.

आणि आता टेबलावर "तिला वगळा! पुढे कोण?" असं म्हणून आप्पांनी लाडाने धाकट्याकडे पाहिलं. पुढे तोच होता. वहिनीने मान हलवून त्याला विनवलं... नको! पण टिल्लू उभा राहिला.

"आप्पा, आज पाहिलेली गोष्ट नाही. जुनी आहे. पण खरी आहे. आईची कॅसेट वहिनीने नाही, मी पुसली."

"काय?" आप्पांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल, बाबा! रेडिओवर तर बरा बोलतोस!"

मन घट्ट करून एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं, तेही मोठ्याने! "आईची कॅसेट... मी..."

"आईचं काय?"

"आईचा आवाज मी पुसला, आप्पा! मी पुसला!" तो ओरडला. समोरच्या घरातली खिडकी उघडली, कुणीतरी डोकावलं आणि ती पुन्हा लागली. "वहिनी खोटं बोलली! माझ्यासाठी खोटं बोलली! तुम्ही म्हणाला होता त्याचा आवाज घरात नको, आणि मी घाबरलो... तिने स्वतःवर घेतलं!"

आता मात्र आप्पांना ऐकू आलं होतं. त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने खाली मान घातली. "मला तेव्हाच संशय आला होता," तो पुटपुटला, मग वडिलांच्या कानाची आठवण होऊन मोठ्याने म्हणाला, "आवराआवर करतानाही ही त्या टेपरेकॉर्डरला कधी हात लावायची नाही! पण या टेबलावर विचारायचं नसतं ना, आप्पा!"

विचारायचं नसतं! आप्पांचाच नियम... आयुष्यभर ज्याचा त्यांना अभिमान, त्याच नियमाने त्यांच्या डोळ्यांवर पडदा टाकला होता. ते उठले. टेबलाच्या कडेला धरत धरत वहिनीच्या खुर्चीपाशी आले. वहिनी गडबडीने उभी राहिली.

"आप्पा, नियम मी मोडला," ती रडत म्हणाली. "खोटी गोष्ट सांगितली. शिक्षा बरोबरच होती. त्याला काही बोलू नका. पोर होता हो तो! त्याचा आवाज गेला असता..."

"अजूनही त्याचीच वकिली!" आप्पा म्हणाले. "सूनबाई..."

सूनबाई! किती वर्षांनी ही हाक! वहिनीला हुंदका आवरेना.

"सूनबाई, ती रोज सकाळी काय म्हणायची? न विचारणं आणि दोष न देणं, दोन्ही एका ओळीत आहेत. आणि मी, संस्कृतचा मास्तर, अर्धीच ओळ शिकलो. विचारलं नाही... पण दोष मात्र देत राहिलो. रोज, जेवणाच्या ताटावर!" त्यांनी हात जोडले. "मला क्षमा कर, बेटा."

"असं करू नका!" वहिनीने ते हात आपल्या हातांत घट्ट धरले. टिल्लू येऊन दोघांच्या पायांशी बसला होता. आप्पांनी एक हात सोडवून त्याच्या डोक्यावर ठेवला. रागवायचं होतं ते सगळं बहुधा इतक्या वर्षांत चुकीच्या पत्त्यावर खर्च होऊन गेलं होतं.

मग आप्पा तिच्याच शेजारच्या खुर्चीवर बसले. "आज तुझी पाळी," ते म्हणाले. "लवकर सांग. हे कान फार दिवस थांबायचे नाहीत."

सगळे तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत गिळलेल्या गोष्टी एकदम घशाशी आल्या... पण त्यातली एकही तिला सांगावीशी वाटेना. तिने आपली खुर्ची पुढे ओढली, तोंड आप्पांच्या बऱ्या कानापाशी नेलं आणि डोळे मिटले. या घरात तो श्लोक तिने कधीच म्हटला नव्हता. पण दुकानात, मशीन चालवता चालवता, पडद्याची लांब शिवण घालताना, तिने तो रोज म्हटला होता, सासूबाईंच्या चालीवर, सासूबाईंच्या श्वासाने...

"सर्वेषां सहते पादान्... न पृच्छति..."

आणि ती थांबली. चांगली थांबली.

आप्पांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती हलली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. कॅसेटवरून पुसलेलं, कुठे उरलं नाही असं वाटलेलं ते सगळं या पोरीच्या गळ्यात सुखरूप होतं, आणि त्यांनी रोज तिलाच वगळलं होतं!

"अगं..." ते म्हणाले, "तिथे थांबायचं नसतं."

वहिनी डोळे न उघडता हसली. "मला तिथेच थांबावंसं वाटतं."

आप्पांनी आपला कान तिच्या आणखी जवळ नेला. "मग थांब," ते म्हणाले. "मी ऐकतोय."