अकरा मिनिटांची नोंद

तो टीव्ही बंद करा आन् जरा सरकून बसा. सांगतोय ते आमच्या शाकीरवर गुदरलेलं हाय. शिरूरला एसटी स्टँडामागं कॉम्प्युटर आन् कॅमेरे दुरुस्त करायचा, तो शाकीर. माझ्या टायरच्या दुकानाला लागूनच त्याचं दुकान. पंधरा वर्षांत त्याला खोटं बोलताना मी कवा पाहिलं न्हाई.

दोन हजार चोवीस साल, डिसेंबरची पाच तारीख, गुरुवार. संध्याकाळी सहाला त्याला कोंडिबांचा फोन आला. कोंडिबा राहायला भीमेच्या पुलापलीकडं, दौंडच्या हद्दीत. उसाच्या रानात दुमजली बंगला. त्यांची सून राजनंदिनी सप्टेंबरात गेली. गच्चीवरून पडली, असं तिचा नवरा मच्छिंद्र सांगायचा.

सून हुशार होती, पाबळला कॉम्प्युटरचं शिकलेली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा तिनं सर्व्हर केला होता. लेकीचे वाढदिवस, गावची जत्रा, घरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, सगळं त्यात साठायचं आन् हॉलमधल्या टीव्हीवर दिसायचं. ती गेल्यापासून टीव्हीवर काहीच येईना. लेक सात वर्षांची, केंदूरला आत्याकडं ठेवलेली. आजोबाला रोज फोनवर एकच विचारायची, आई कवा दिसंल.

शाकीर आठला पोचला. मच्छिंद्र पायरीवर बसला होता. ते डबडं भंगारात टाकायचंय, उगं राबू नको, म्हणाला. कोंडिबांनी ऐकलं न ऐकलं केलं आन् शाकीरला आत नेलं.

दोष लवकर घावला. व्हिडिओ शाबूत होते. पण कुठला व्हिडिओ कुठं ठेवलाय त्याची जी यादी असती, डेटाबेस म्हणतात त्याला, ती बिघडली होती. लिहिणं चालू असताना कुणी वायर उपटली की असं व्हतं. शाकीरनं आधी सर्व्हर थांबवला, यादीची कॉपी काढून बाजूला ठेवली, आन् वाचता येतील तेवढ्या ओळी नव्या फाईलमध्ये उचलून घेतल्या. नऊ वाजून वीस मिनिटांनी टीव्हीवर राजनंदिनी आली. लेकीला केक भरवत होती. कोंडिबांनी टोपी काढून तोंडावर धरली.

यादीत सगळ्यात खाली एक नोंद होती. तिला चित्र न्हाई, नुसता काळा चौकोन. चौदा सप्टेंबर, स्वयंपाकघर, अकरा मिनिटं. शाकीरनं डिस्कमध्ये शोधलं, तर तसली फाईलच नव्हती. व्हिडिओ कुणीतरी पुसलाय, नाव तेवढं मागं राहिलंय, असं त्यानं कोंडिबांना सांगितलं. ती ओळ काढायला म्हणून कीबोर्डकडं हात नेला.

हात पोचायच्या आत ती चालू झाली.

दुपारचं ऊन. गॅसवर दूध. राजनंदिनी फरशीवर उताणी, आन् मच्छिंद्र तिच्या छातीवर गुडघा रोवून बसलेला. हातात वरवंटा. ती म्हणत होती, "अहो, नका... पोरगी शाळेतनं येईल आता."

तो आवाज बाहेर गेला. मच्छिंद्र धावत आत आला. आधी त्यानं टीव्हीची वायर उपटली. टीव्ही चालूच. मग सर्व्हरची उपटली. तरी चालूच. तवा त्यानं लोखंडी स्टूल उचललं, सर्व्हर फोडायला.

पडद्यावर वरवंटा खाली आला.

हॉलमध्ये मच्छिंद्रचा जबडा फुटला.

स्टूल पडलं. त्याचे दात फरशीवर उडाले. त्यानं तोंडाला हात लावला, बघितला... आन् दुसरा घाव बसला. पडद्यावर तिच्या हातातली हिरवी बांगडी फुटली, मनगट मोडलं. हितं ह्याचं. हाड बाहेर आलं. हाणणारं कुणी न्हाई. हॉलमध्ये तिघंच माणसं.

शाकीरनं त्याला काखेत धरून दाराकडं ओढलं. ओढवेना. दुसऱ्या बाजूनंबी कुणीतरी ओढत होतं. रक्तानं फरशी निसरडी झाली, शाकीरच आपटला. ओरडला, "आबा, धरा ह्याला!"

कोंडिबा हलले न्हाईत. नजर पडद्यावर.

"आवाज मी ऐकला होता," म्हणाले. "त्या दिशी. गोठ्यात होतो मी... मला वाटलं, टीव्ही चाललाय."



बरगड्या गेल्या. मग गुडघा. मग डोळा. मच्छिंद्र सरपटत बापाच्या पायाशी गेला. धोतराला धरलं. कोंडिबांनी पाय आत घेतले...

आन् घाव चालूच.

अकराव्या मिनिटाला पडद्यावरचा मच्छिंद्र उठला. वरवंटा धुतला. मान वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं. मग अंधार.

हॉलमधला मच्छिंद्र तवर निपचित पडला होता. कवटी पिचलेली.

पोलिसांनी शाकीरला चार दिवस बसवून घेतलं. ना हत्यार सापडलं, ना त्याच्या मुठीवर एक ओरखडा. कोंडिबांनी मातर सुनेचं सगळं लिहून दिलं, स्वतः गोठ्यात होतो तेबी. मग गाव सोडलं. आता केंदूरला नातीजवळ राहत्यात. शाकीर फक्त मोबाईलच्या काचा बदलतो. टीव्ही लावलेल्या घरात तो पाऊल ठेवत न्हाई.

सर्व्हरची डिस्क तपासायला पुण्याला गेली. लेकीचे व्हिडिओ सगळे निघाले, पोरीला दिले. अकरा मिनिटांचा निघाला न्हाई. पण डिस्क हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. असं असून चालत कशी होती, तेच तपासणाऱ्याला कळंना. कारखान्यातनं बंद होऊन आलेला डबा, सील शाबूत, केसभर फट न्हाई. त्यानं स्वतःच्या हातानं तो उघडला.

आत हिरव्या बांगडीचे तीन तुकडे होते. ओले.