प्लॅटफॉर्मवरचा उत्तम

उत्तमदादा घरी आला.

तसं काही झालेलं नाही. निदान चाळीत कुणी विचारलं तर आम्ही हेच सांगतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो... घडलंय. त्र्याऐंशी साल, परळ, गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार.

संपात गिरणी बंद पडली तेव्हा माझा मोठा भाऊ उत्तम आईशी कडाडून भांडला आणि भिवंडीला यंत्रमागावर गेला. मग ना तो, ना त्याचा निरोप. आई रोज दाराकडे बघत तांदूळ निवडायची.

आमचे रमाकांतकाका कारकून, पण जीव सगळा खेळण्यातल्या आगगाडीत. चोरबाजारातून बोटाच्या पेराएवढे विलायती प्रवासी आणायचे. साहेबाची हॅट कानशीने घासायची, कोटाचा सदरा करायचा, मडमेला रंगाने नऊवारी नेसवायची. त्या वर्षी बाप्पापुढचा देखावा तोच... परळ स्टेशन.

"भावजी," आई म्हणाली, "आमचो उत्तम पण उभो करा थंय. तोंड घराकडे करून."

काकांनी केला. एका साहेबाची हॅट कानशीने सपाट उडवली. निळा सदरा रंगवला. उजव्या हातात डबा, पक्का चिकटवलेला.

भटजींचा अर्धा भोईवाडा बाकी होता. प्राणप्रतिष्ठा त्यांनी घाईतच उरकली. लांबूनच अक्षतांची मूठ भिरकावली... बाप्पावर कमी, प्लॅटफॉर्मवर जास्त.

विसर्जनाआधी उत्तरपूजा झाली. फक्त बाप्पाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीचा खडखडाट ऐकू आला.

सेल काढून ठेवलेले होते.

मी वाकून पाहिलं. प्लॅटफॉर्मवर सगळे होते... निळा सदरा नव्हता.

"उंदराने नेला असेल," मी म्हटलं.

उंदराने दार वाजवलं.

दारात उत्तमदादा. निळा सदरा. हातात डबा.

"इलो माझो झील!" आई रडायलाच लागली. ताट वाढलं.

तो डाव्या हाताने जेवला. उजव्यातला डबा सुटेचना.

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला... आणि हात थांबला.

डोकं वरून सपाट होतं.

मग हात पुन्हा फिरायला लागला.

"अरे, प्लॅटफॉर्मवरच्यांची उत्तरपूजा राहिली रे!" काका माझ्या कानात पुटपुटले.

"मग करून टाका!"

"खबरदार!" आई म्हणाली. "ह्याका कोण हात लावता बघतंय!"

तेव्हापासून तो मोरीपाशी उभा असतो. बोलत नाही. झोपत नाही. आई जिथे जाईल तिकडे फक्त तोंड वळतं.

मग दिवाळीच्या संध्याकाळी पुन्हा दार वाजलं.

दारात उत्तमदादा. वाळलेला, दाढी वाढलेला. डोकं व्यवस्थित गोल.

"आये, चुकला माझा. येव काय?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं.

"माझो उत्तम घरात आसा," ती म्हणाली. "तो उलट बोलणा नाय."

आणि दार लावलं.

दादा आता जिन्याखाली झोपतो. मी त्याला चोरून भात नेऊन देतो. परत येतो तेव्हा मोरीपाशीचं तोंड... हल्ली माझ्याकडे वळलेलं असतं.

तरी माननीय शिधावाटप अधिकारी यांना सविनय विनंती, की आमच्या शिधापत्रिकेवर 'उत्तम' हे नाव दोन वेळा लावण्यात यावे, आणि त्यांपैकी गोल डोक्याच्या उत्तमला घरात घेण्याबाबत आमच्या आईस लेखी आदेश व्हावेत.