त्याला वर काढला का?

आमचं काम तसं रटाळच होतं. रक्तात हिपॅटायटिस सी आहे का, हे तपासणं सक्तीचं होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, अशी माणसं बारामती-इंदापूर भागात शोधायची. नमुना घ्यायचा, पुण्याला पाठवायचा. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं. आता त्यावर औषध आहे, म्हणून आमची घाई. उन्हातून फिरून मी इतकी दमायचे की घरी आल्यावर चप्पल काढायचंही जिवावर यायचं.

सुप्यात मानसिंगराव भेटले. तरुणपणी ट्रॅक्टर अंगावर उलटला, तेव्हा त्यांना रक्त दिलं होतं. मी दंडाला पट्टा बांधत होते, तर ते हळूच म्हणाले, "म्याडम, एक इचारू? ज्याचं रक्त मला दिलं... त्याला वर काढला का?"

"कुठून?"

"हिरीतनं." त्यांनी मुलीकडं, स्वरूपाकडं पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "डोळा लागला की मी हिरीत असतो. वल्या दगडाचा वास येतो. वर उजेड दिसतो, पन हाक फुटत न्हाय."

यकृत बिघडलं की झोपही बिघडते, असं मी सांगितलं. ते नुसते हसले. असं उत्तर त्यांनी आधीही ऐकलं असावं.

पुढच्या आठवड्यात कळंबला गेले. पुतळाबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. मुलगा पुण्याला, घरात एकट्याच. बाळंतपणात रक्त गेलं म्हणून त्यांना रक्त चढवलं होतं. सुई काढून मी कापूस दाबला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, तुमाला सगळं ठावं असतं. त्याला हिरीतनं वर काढला का गं?"

मानसिंगरावांचाच प्रश्न. या बाईंनी कधी सुपे गाव पाहिलंही नव्हतं.

अहवाल आले. दोघांनाही लागण होती. दोघांतल्या विषाणूची जनुकीय ठेवण इतकी सारखी, की रक्त एकाच माणसाचं, असं प्रयोगशाळेचं मत पडलं. तो कोण? दोघांना जिथं रक्त चढवलं, ते हॉस्पिटल कधीच बंद पडलेलं. त्या काळी रक्त विकायला येणारे असायचे, त्यांतलाच कुणी असेल. विषाणू सापडला, माणूस सापडला नाही.

पुतळाबाईंचं औषध आधी सुरू झालं. मानसिंगरावांच्या तपासण्या लांबल्या, त्यामुळे त्यांचं उशिरा. शेवटी पुतळाबाईंचा अहवाल स्वच्छ आला आणि मी दिवेलागणीला त्यांना फोन केला. खूप दिवसांनी सांगण्यासारखं काहीतरी चांगलं होतं.

"मावशी, रक्त स्वच्छ झालं! आता ते स्वप्न पडत नाही ना?"

"न्हाय." पाहुण्यासमोर बोलावं तसा त्यांचा आवाज दबका होता. "हिरीत आता कुनीच न्हाय."

"मग बरं झालं की."

"पोरी... औषधानं तो मेला न्हाय. वर आलाय. हितं भिंतीला टेकून बसलाय. अंग सगळं वलं हाय त्याचं."

"मावशी, घरात कोण आहे?"

फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. घशात पाणी असल्यासारखं.

"तो इचारतोय..." पुतळाबाई कुजबुजल्या, "सुप्याची वाट कुठली?"

सुप्याचं नाव मी त्यांच्यापाशी कधी काढलंच नव्हतं. फोन कट झाला. पुन्हा लावला, लागेना. मग मानसिंगरावांना लावला. त्यांची शेवटची गोळी त्याच आठवड्यात संपली होती.

फोन स्वरूपानं उचलला. "आबा? अंगणात बसलेत, ताई. पायावर घ्यायला बादली भरून ठेवायला लावलीय. कुणीतरी लांबनं चालत येतंय म्हणतात."

"आलंय का कुणी?"

"न्हाय, अजून तर कुणी न्हाय. पन ताई, बादलीतलं पाणी मी दोनदा बदललं... सारखं गढूळच होतंय."